थोरल्यांचा डावा खांदा

२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, लोकरी मोजे घालते. मामी विचारतील म्हणून आधीच लिहून टाकलं.

पत्र बघून दचकू नका. जंगलातल्या या कॅम्पवर पाहुण्यांचे फोन फाटकावरच्या लोखंडी पेटीत ठेवून घेतात. आमची पर्यटन कंपनी याला ‘अस्सल अनुभव’ म्हणते. मी इथली व्यवस्थापक, म्हणून उदाहरण घालून देण्यासाठी माझा फोन पेटीत सगळ्यांच्या तळाशी. सामानाची गाडी मंगळवारी येते, तीच टपाल आणते आणि नेते.

आता कामाचं. माहितीपत्रकात आम्ही तीन भेटींची हमी देतो: हरीण, पाणमांजर, अस्वल. हरणं नको तितकी आहेत, तंबूच्या दोऱ्या चावतात. पाणमांजरं रोज सकाळी येतात, नोकरीला असल्यासारखी. अस्वल मात्र कॅम्प सुरू झाल्यापासून, म्हणजे सोळा महिन्यांत, कुणालाही दिसलेलं नाही. पाहुण्यांच्या वहीत लोक आधी लिहायचे, ‘अस्वल दिसले नाही, पुन्हा येऊ.’ मग, ‘अस्वल दिसले नाही. ऑम्लेट चांगले.’ गेल्या आठवड्यात एका बाईंनी नुसतंच प्रश्नचिन्ह काढलं.

मालकीणबाईंनी कळवलंय: तीस एप्रिलच्या आत एका तरी पाहुण्याच्या हस्ताक्षरात अस्वलाची नोंद आली नाही, तर कॅम्प बंद. नोकरमंडळींची नोंद चालणार नाही. आम्ही इथे अकरा जण आहोत. मला शहरातल्या कचेरीत बसच्या तिकिटांवर शिक्के मारायला बसवतील. पण आमचा नावाडी साठीचा आहे, त्याला दुसरी नदी कुठून आणून देऊ?

मामा, तुमच्या संग्रहालयातलं ते मोठं अस्वल, तुमचे थोरले, सध्या काय करतात? सहज विचारते. नदीच्या पलीकडच्या काठावर, संध्याकाळी, अर्धा तास. दुर्बिणीतून.

तुमची,
टिटवी

६ फेब्रुवारी

चि. टिटवीस आशीर्वाद.

नाही.

थोरल्यांना मी चौतीस वर्षं सांभाळतो आहे. पिसवा, वाळवी, शाळांच्या सहली आणि एका मंत्र्याची छत्री, एवढ्यांतून त्यांना वाचवलं आहे. त्यांच्यात पेंढा भरलेला असला तरी ते बुजगावणं नव्हे. माझ्या भाचीनं असं विचारावं याचं मला वाईट वाटलं. लहानपणी तू अखंड बडबडायचीस म्हणून तुला टिटवी म्हणायचो, पण त्या बडबडीत लबाडी नव्हती.

तेव्हा नाही म्हणजे नाही.

नदीची रुंदी किती आहे? पलीकडे माती की खडक? मावळतीचं ऊन पाहुण्यांच्या पाठीकडून येत असेल तर थोरल्यांचे काचेचे डोळे चमकतील आणि लोकांना वाटेल कुणी मोटार उभी केली आहे. त्यांना काठावर ठेवू नये. चाळीस पावलं मागे, झाडाच्या खोडाआड, निम्मे. रोज जागा बदलावी. तोंड पाहुण्यांकडे करू नये, कारण माणूस दिसल्यावर अस्वल अर्धा तास उभं राहत नाही असं मी वाचलं आहे. डावा खांदा मात्र दिसेल असा ठेवावा. बारा वर्षांपूर्वी तो मी उसवून नव्यानं भरला, पैलवानासारखा. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत चांगलं काम. आठवड्यातून एकदा केसांना जवसाच्या तेलाचा हात फिरवावा, म्हणजे डांबराच्या गोळ्यांचा वास मरतो.

संग्रहालयात सध्या रंगकाम चालू आहे, त्यामुळे थोरल्यांना थोडा हवापालट मानवेल. माझं उत्तर नाही असंच आहे हे ध्यानात ठेव. गाडी कुठे पाठवायची ते कळव.

तुझा,
मामा

ता. क. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून दोन ओळी. रंगकामाचं मला काही माहीत नाही. अस्वल जानेवारीपासून आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. मी टीव्ही त्याच्या काखेतून बघते. गाडी लवकर पाठव. – मामी

२ मार्च

प्रिय मामा,

थोरले सुखरूप पोचले. बटाट्याच्या पोत्यांवर आडवे होते, वर ताडपत्री. फाटकावरचा रखवालदार नियमाला पक्का. त्यानं आवक-वहीत लिहिलं: ‘बटाटे ४ पोती. साबण १ खोके. अस्वल १, वापरलेले.’

पहिल्या संध्याकाळी सहा पाहुणे होते. मी कुजबुजत म्हटलं, “तिकडे बघा, सावकाश.” मामा, चौघांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक दंतवैद्य आणि त्यांची बायको तीन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, ते हात धरून उभे राहिले. वहीत आतापर्यंत बारा नोंदी झाल्या आहेत. मालकीणबाईंचं पत्र आलं, ‘शाबास.’

आता अडचणी. नावाडी रोज दुपारी थोरल्यांना नावेतून पलीकडे नेतो. नाव लहान, त्यामुळे समोरासमोर बसतात. नावाडी त्यांच्याशी बोलायला लागलाय. मी म्हटलं, “काका, काय बोलता?” तर म्हणाला, “घरचं. मध्ये तोंड घालत नाहीत, फार समजूतदार आहेत.”

दुसरी अडचण निवृत्त न्यायाधीश. एकटेच आलेत, चार दिवसांसाठी आले होते, आता तिसऱ्यांदा मुक्काम वाढवलाय. काल चाळीस मिनिटं दुर्बीण खाली ठेवली नाही. मग म्हणाले, “हललं नाही.”

“विश्रांती घेत असेल,” मी म्हटलं.

“उभ्यानं?”

“घोडे घेतात.”

“ते घोडा आहे का?”

मी सूप गरम आहे का बघायला गेले.

जवसाचं तेल गाडीतून आलं नाही. आचाऱ्यानं त्याच्याकडचं लावलं. चमक छान आलीय.

तुमची,
टिटवी

६ मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद.

चमक आली हे वाचून बरं वाटलं. नावाड्याला सांग, नावेत थोरल्यांचं बूड कोरडं राहील असं बघ. ओल एकदा लाकडी सांगाड्यात शिरली की निघत नाही. न्यायाधीशांसाठी उपाय: थोरल्यांच्या मागे वाऱ्यानं हलणारी फांदी येऊ द्यावी. लांबून बघणाऱ्याला काय हललं ते नक्की सांगता येत नाही.

खांद्याबद्दल कुणी काही बोललं का? तू लिहिलं नाहीस.

एक गोष्ट मनात आली ती लिहितो. संग्रहालयात थोरल्यांपुढे पाटी असायची: ‘अस्वल. पेंढा भरलेले.’ पोरं ती वाचायची आणि तरीही तोंड उघडं टाकून बघत राहायची. तुझ्या पाहुण्यांना पाटी नाही. ते दंतवैद्य आणि त्यांची बायको आता घरी जाऊन सगळ्यांना सांगत असतील. त्याचं काय, हे मला समजत नाही. तुला समजत असेल तर लिही.

तुझा,
मामा

ता. क. सोफ्यावर आता चक्क बसता येतं. हे मात्र त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत चहा पितात. – मामी

२३ मार्च

प्रिय मामा,

सगळं ठीक. थोरले ठीक. हवा ठीक. कामाची गडबड आहे म्हणून जास्त लिहीत नाही. मामींना नमस्कार.

टिटवी

२७ मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद.

तू आयुष्यात अर्ध्या पानाचं पत्र एकदाच लिहिलं होतंस, नऊ वर्षांची असताना. त्यात ‘घुबड ठीक आहे’ असं होतं. घुबडाचा डोळा मला तुझ्या दप्तरात सापडला.

काय झालं आहे?

तू खरं लिहावंस म्हणून आधी मी लिहितो. रंगकाम नाही. संग्रहालय जानेवारीतच बंद झालं. इमारतीत आता कचेऱ्या होणार आहेत. हरणं, कोल्हा, पक्ष्यांची तीन कपाटं, सगळं एका ट्रकमध्ये भरून नेलं; कुठे, ते अधीक्षकांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वस्तू बाहेर नेण्याचा एक कागद मला भरायचा होता. त्यावर मी लिहिलं, ‘खुर्ची, जुनी, १.’ नोकरीत लिहिलेली एवढीच एक खोटी ओळ. तेव्हा पाटी नसल्याबद्दल तुला बोलण्याचा मला अधिकार नव्हता.

चौतीस वर्षांतलं माझ्याकडे आता तेवढंच उरलं आहे. म्हणून विचारतो.

तुझा,
मामा

६ एप्रिल

प्रिय मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आता ऐका.

सतरा मार्चची संध्याकाळ. नदीवरच्या लाकडी गच्चीवर न्यायाधीश धरून सहा पाहुणे. पलीकडे थोरले उभे, डावा खांदा इकडे. सव्वासहाला झाडीतून दुसरं अस्वल आलं.

खरं. मला आधी वाटलं, नावाडी काहीतरी करतोय. मग बघितलं तर नावाडी माझ्या शेजारी उभा.

ते थोरल्यांपाशी आलं, चारी बाजूंनी हुंगलं, चाटलं. आचाऱ्याकडचं तेल म्हणजे माशाचं तेल, मामा. मी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. थोड्या वेळानं अस्वलानं एक पंजा मारला. थोरले आडवे झाले. मग डावा खांदा धरून त्यांना ओढत पाण्यापर्यंत नेलं, खांदा उसवला, आतलं थोडं खाऊन बघितलं, पसंत पडलं नाही, निघून गेलं. सगळं मिळून सात मिनिटं. सोळा महिने वाट बघितलेली सात मिनिटं, आणि मी ती दोन्ही हातांनी तोंड दाबून बघितली.

पाच पाहुण्यांनी वहीत लिहिलं, ‘दोन अस्वलांची झुंज पाहिली. एकाचा दुर्दैवी अंत.’ एका बाईंनी दोन मिनिटं शांत उभं राहायची सूचना केली. आम्ही उभे राहिलो. नावाडी खरोखर रडत होता.

शेवटची नोंद न्यायाधीशांची: ‘झुंज एकतर्फी. मृताच्या अंगातून पेंढा बाहेर आला व नदीतून वाहत गच्चीखाली पोचला. नमुना सोबत टाचला आहे.’

ते पान मालकीणबाईंकडे गेलं. चौदा तारखेच्या गाडीनं मला शहरात बोलावलंय. थोरले सध्या चादरींच्या खोलीत आहेत. उजवी बाजू चांगली आहे. डाव्या बाजूबद्दल मला लिहवत नाही. मामा, मला माफ करा. तुमच्याकडे तेवढंच उरलंय हे मला ठाऊक असतं तर मी मागितलंच नसतं.

सुई घेऊन त्याच गाडीनं याल का? नोकरांच्या नातेवाइकांना इथे राहता येत नाही, म्हणून पाहुणा म्हणून तुमचं नाव लिहून ठेवते.

टिटवी

९ एप्रिल

चि. टिटवीस आशीर्वाद.

येतो. जाड सुया, मेणाचा दोरा आणि सुतळी घेतली आहे. तेल कोणतं हे मी विचारायला हवं होतं. चूक माझी.

त्या अस्वलाबद्दल तू फार थोडं लिहिलंस. ते चालतं कसं? खांदा कसा हलतो? तुला वाटत असेल मामाला ठाऊक असणार. मी जिवंत अस्वल कधी पाहिलेलं नाही. थोरले माझ्याकडे आले तेव्हाच पेंढा भरलेले होते. पुढचं सगळं मी चित्रांवरून केलं.

शहरात असेपर्यंत आमच्याकडेच राहा. बैठकीची खोली रिकामी आहे.

तुझा,
मामा

१७ एप्रिल

प्रिय मामा,

फाटकावर आपण दहाच मिनिटं भेटलो, त्यातली आठ तुम्ही सुया मोजत होतात. मी तुमच्या सोफ्यावर झोपते. मामींनी सांगितलं, या कोपऱ्यात अजून केस सापडतात.

मालकीणबाईंना सगळं सांगितलं, बटाट्याच्या पोत्यांपासून. त्या ओरडल्या नाहीत. लाल पेन्सिल घेतली आणि अस्वलाच्या सगळ्या नोंदी एकेक करून खोडल्या. मी म्हटलं, “बाई, शेवटचं अस्वल खरं होतं.”

“असेल,” त्या म्हणाल्या. “पण एक पेंढ्याचं निघाल्यावर दुसऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही ठेवाल?”

तारीख तीच आहे, तीस एप्रिल. नवी नोंद, पाहुण्याची, आणि त्यांना पटेल अशी. म्हणजे होत नाही असंच समजा. नावाड्याला अजून सांगू नका.

त्यांनी मला एक काम दिलंय. ज्या एकोणीस जणांनी थोरल्यांना बघून वहीत लिहिलं, त्या प्रत्येकाला हातानं पत्र लिहून खरं कळवायचं. झुंज बघणाऱ्यांना वेगळं. मी रोज चार लिहिते. तुम्ही विचारलं होतं ना, त्याचं काय. मला तेव्हा समजत नव्हतं. दंतवैद्यांचं पत्र लिहायला पूर्ण दुपार गेली.

तुमची,
टिटवी

२७ एप्रिल

चि. टिटवीस आशीर्वाद.

सोबत वहीतलं पान पाठवतो आहे. ते मालकीणबाईंना दे. आधी कसं झालं ते लिहितो.

शुक्रवारी सकाळी मी गच्चीवर थोरल्यांचा खांदा मांडीवर घेऊन बसलो होतो. पाहुणे पाणमांजरं बघायला गेले होते. न्यायाधीशांचा मुक्काम अजून इथेच आहे, ते तंबूत चष्मा शोधत होते. साडेसहाला पलीकडे झाडी हलली आणि अस्वल बाहेर आलं. पाणी प्यायलं, एक दगड उलटा करून खाली बघितलं आणि काठाकाठानं चालत वर गेलं. पाच मिनिटं असेल. मी कुणाला हाक मारली नाही. मारायला हवी होती, तुमच्या अकरा जणांचं पोट त्यावर होतं, हे नंतर लक्षात आलं. त्या वेळी मी त्याचा खांदा बघत होतो.

मग मी वहीत लिहिलं. न्यायाधीशांनी ते वाचलं आणि दुपारपर्यंत माझी उलटतपासणी घेतली. वारा कुठून होता, दगड कोणत्या पंजानं उलटला, तीच तीच गोष्ट तीनदा. “तुम्ही व्यवस्थापिकेचे मामा ना?” म्हणाले. मी हो म्हटलं. “कागदावर अस्वलाची खुर्ची करणारे तुम्हीच ना?” मी हो म्हटलं. हे त्यांना नावाड्यानं सांगितलं, त्याला मी सांगितलं होतं. तो माणूस ऐकतो फार छान. शेवटी त्यांनी वही ओढून घेतली आणि खाली त्यांचं त्यांनी लिहिलं.

तुझा,
मामा

(सोबतचे पान)

२४ एप्रिल, सकाळी साडेसहा. पलीकडच्या काठावर अस्वल, १. चालताना त्याच्या खांद्याचं हाड कातड्याखाली मागेपुढे सरकतं आणि पाठीच्याही वर येतं. खांदा फुगलेला नसतो, सैल असतो. मान मी ठेवली तशी ताठ नसते, खाली असते. कान मी लावले त्याहून बाजूला असतात. म्हणजे चौतीस वर्षं मी अस्वल चुकीचं सांभाळलं. डावा खांदा, ज्याचा मला अभिमान होता, तो सगळ्यांत चुकीचा. संग्रहालयात येऊन ज्या मुलांनी ते पाहिलं त्यांची क्षमा मागतो. आता ती मोठी झाली असतील. – पाहुणा, तंबू क्रमांक पाच. काम: पेंढा भरलेल्या प्राण्यांची दुरुस्ती.

साक्षीदार एकच, तोही नातेवाईक आणि पूर्वी एकदा खोटं लिहिलेला. तरीही: अस्वल पाहिल्याचं खोटं माणूस स्वतःचा मोठेपणा वाढवायला सांगतो. या माणसानं आयुष्यभराच्या कामाविरुद्ध स्वतःच साक्ष दिली आहे. ग्राह्य. – तंबू क्रमांक दोन, निवृत्त न्यायाधीश.

२ मे

प्रिय मामा,

पान तीस तारखेला सकाळी मिळालं. मी गाऊनवरच कोट चढवून कचेरीत गेले. मालकीणबाईंनी ते दोनदा वाचलं. पेन्सिल हातात होती, लालच.

“हा माणूस कोण?”

“माझे मामा.”

“सख्खे?”

“सख्खे. पण बाई, वाचलंत ना?”

त्या खिडकीपाशी गेल्या. पान उजेडात धरून मधली एक ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, “कानांचं कुणी उगीच लिहिणार नाही,” आणि पेन्सिल खणात ठेवली.

कॅम्प राहतोय. माहितीपत्रकातली हमी जातेय. नवी ओळ त्यांनीच सांगितली: ‘अस्वल आहे. दिसेलच असे नाही.’ थोरल्यांना जेवणाच्या तंबूत उभं करायचं, पाटीसकट, आणि खांदा तुम्हाला जसा दिसला तसा भरायचा. त्यासाठी हवे तितके दिवस राहा असा त्यांचा निरोप आहे. अधीक्षकांना मी खुर्चीचं खरं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘खुर्ची आपल्याकडेच ठेवावी.’

माझ्या पत्रांना सात उत्तरं आली आहेत. दोघं रागावलेत, चौघं पुन्हा येणार आहेत. दंतवैद्यांनी लिहिलंय, ‘आम्हाला कळवायची काय गरज होती?’ आणि खाली त्यांच्या बायकोच्या अक्षरात, ‘होती.’

मंगळवारच्या गाडीनं येते. नावाड्याला आता सांगा.

तुमची,
टिटवी

ता. क. वाचलं सगळं. खांदा चुकला तर चुकला, नवा भरा. घाई करू नका. मी सोफा भिंतीला लावून घेतलाय आणि टीव्ही पूर्ण दिसतो. काम झालं की जरूर परत या, मी वाट बघते. पण एकटे या. – मामी